ताकदीची पूड

नील, रेवा,

तुमची आजी नर्स होती एवढं तुम्हाला माहीत आहे. कसली नर्स, हे तुम्ही कधी विचारलं नाहीत आणि मीही सांगितलं नाही, कारण सांगायला लागले की जेवायला बसलेली माणसं ताट घेऊन उठायची. आता सांगायची वेळ आली आहे. गेल्या महिन्यात रेवाने मला फोनवर एका बाटलीचा फोटो पाठवला. बाटलीवर हिरवं पान, पानावर दवाचा थेंब, आणि 'नैसर्गिक' हा शब्द इतक्या वेळा छापलेला की मला लगेच संशय आला. खाली प्रश्न होता: "आजी, खूप खाज येतेय. हे तिकडे लावलं तर चालेल का? नीलला सांगू नकोस."

काय करायचं ते मी तिला त्याच दिवशी सांगितलं आणि आता ती बरी आहे. पण 'नीलला सांगू नकोस' हे वाक्य काही डोक्यातून जाईना. माझी सगळी नोकरी ह्याच एका वाक्याशी भांडण्यात गेली. म्हणून रेवाची परवानगी घेऊन तुम्हा दोघांना एकत्र लिहिते आहे. दिवाळी अंकाच्या संपादकबाई कामाच्या आठवणी मागत होत्या, त्यांनाही हेच देते आहे. नील, तूही नीट वाच. पुढे बायको आली तर उपयोगी पडेल. नाही आली तरी तुझं काही बिघडणार नाही.

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, नंतर मुंबईत नर्सिंग केलं, आणि लग्नानंतर तुमच्या आजोबांबरोबर खाडीपुलाच्या ह्या बाजूला आले. तेव्हा वाशीचे सेक्टर नुकते उठत होते. सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. सिमेंटच्या नव्या इमारती, मधे चिखल, आणि चिखलापलीकडे जुनी आगरी गावं, जशीच्या तशी. तुर्भ्याला एका ट्रस्टचा बायकांसाठी दवाखाना होता. दोन खोल्या, एक पडदा, एक टेबल. डॉक्टरीणबाई आठवड्यातून ठरलेल्या दिवशी मुंबईहून यायच्या. बाकीचे दिवस मी. बायका मला 'सिस्टर' म्हणत, गावातल्या 'बाय' म्हणत.

बाळंतपणं, लसी, अॅनिमिया हे सगळं होतंच. पण पडद्याआड आल्यावर आवाज खाली जायचा तो एकाच तक्रारीसाठी. कोणी म्हणायची अंगावरून पांढरं जातं, कोणी म्हणायची आग होते, कोणी नुसतीच मांडीकडे बघायची. बऱ्याच जणींना बुरशीची लागण असायची. पाव फुगवणारं यीस्ट तुम्हाला माहीत आहे. त्याच्याच नात्यातली ही बुरशी. ती बाहेरून येते असं नाही. निरोगी बाईच्या अंगातही थोडी असतेच, आणि एरवी गुमान बसते. काही कारणाने तिला मोकळं रान मिळालं की वाढते. मग खाज, लाली, आणि नासलेल्या दुधाच्या चोथ्यासारखं पांढरं. डॉक्टरीणबाई काचेवर थेंब घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या आणि मलाही दाखवायच्या. बारीक धाग्यांचा गुंता दिसायचा. शेवयांसारखा, म्हणून मला बरेच दिवस शेवयांची खीर नको वाटायची.

उपचार सोपा होता: आत ठेवायच्या गोळ्या, नाहीतर जांभळं औषध लावायचं. अवघड होतं ते पुढचं. मोकळं रान कोणी दिलं हे शोधल्याशिवाय बुरशी परत यायची, आणि ते शोधायचं तर बाईने खरं सांगायला हवं. खरं कोणीच सांगत नसे. मी मुळात संशयी होतेच, ह्या कामाने मला पक्की संशयी केलं.

वाशीच्या एका सोसायटीतल्या बाईंचं उदाहरण देते. नवरा बँकेत, घर आरशासारखं. त्या आल्या त्या रागावूनच.

"सिस्टर, मला हे होऊच कसं शकतं? मी किती स्वच्छ आहे! मला वाटतं आमच्या कामवालीमुळे झालंय. ती आमचं बाथरूम वापरते."

"कशाने धुता?"

"काय?"

"तिथे. कशाने धुता?"

फरशी पुसायचं जंतुनाशक होतं ते. सकाळ-संध्याकाळ, बादलीत टाकून. वर सुवासिक साबण, वर पावडर. मी म्हटलं, हे सगळं बंद करा. साधं पाणी, बाहेरच्या बाहेर. आत काहीही नाही. सुती कपडा घाला, नायलॉनचा नको. त्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या की जणू मी त्यांना अंघोळच सोडायला सांगितली आहे.

"म्हणजे औषध देणारच नाही का तुम्ही?"

"देते. पण औषधाने जाईल आणि बादलीने परत येईल."

औषध घेऊन गेल्या. माझ्यावर विश्वास बसला नव्हता, ते स्वच्छ दिसत होतं. पण पुन्हा आल्या नाहीत, आणि पुढे भाजीबाजारात भेटल्या तेव्हा मान वळवून गेल्या. आमच्या कामात ह्याला बरं झाल्याची खूण समजायचं.

दुसरी आठवण जुलेखाबींची. उरणकडच्या जुन्या मुसलमान घरातल्या, तुर्भ्याला त्यांच्या मुलांचं दुकान होतं. वयस्कर, विधवा, अतिशय अदबीच्या. खाज जाता जात नव्हती. मी विचारलं, मोरीत मुंग्या येतात का? त्या चमकल्या. "येतात हो. सूनबाईला रोज ओरडते मी, गूळ-साखर कोण सांडतं इथे म्हणून." गूळ-साखर कोणीच सांडत नव्हतं. मी त्यांची लघवी निळ्या औषधात उकळली, ती विटकरी झाली, म्हणजे लघवीत साखर; मुंग्या त्यासाठीच यायच्या. मधुमेह. साखर आटोक्यात आल्यावर खाज आपोआप गेली, आणि सूनबाईला बोलणी बसणंही थांबलं.

तर असे माझे प्रश्न ठरत गेले. कशाने धुता? मुंग्या येतात का? काय घालता, आणि ते कुठे वाळवता? कपडे वाळवण्याचा हा प्रश्न महत्त्वाचा. गावात बायका आतले कपडे आणि पाळीच्या घड्या उन्हात टाकत नसत. खाटेखाली, पाळण्याच्या मागे, नाहीतर ओल्या लुगड्याच्या पोटात दडवून ठेवत. पुरुषाची नजर पडू नये म्हणून. आमच्याकडची दमट हवा, त्यात अंधारा कोपरा. ते कापड कधीच पूर्ण वाळत नसे. मी सांगायचे, उन्हात टाका, वर पातळ ओढणी पसरा, कोणाला काही दिसत नाही. दहातल्या नऊ जणी हसून सोडून देत. आणि माझा शेवटचा प्रश्न असे: दुसरं काही औषध घेताय का?

हे सगळे प्रश्न मी कुसुमलाही विचारले होते.

कुसुमला तिची सासू हिराबाई घेऊन आली. गाव तुर्भ्याला लागूनच. त्यांची भाताची जमीन नव्या शहरात गेली होती, त्या बदल्यात घरातल्या एकाला कारखान्यात नोकरी मिळाली. हिराबाईचा नवरा वारलेला, म्हणून ती हिराबाईने घेतली. एका औषधांच्या कंपनीत ती पॅकिंगला होती. मुलगा धर्मा दगडखाणीवर डंपर चालवायचा. कुसुम जासईची, लग्नाला फार दिवस झाले नव्हते. पहिलं पोट राहिलं ते पडलं होतं. तेव्हापासून हिराबाई सुनेला डोळ्याआड होऊ देत नसे.

"बाय, ही माजी सून. हिला खालचा कायतरी लागलाय," हिराबाई बाकावर बसता बसता म्हणाली. "कुठशी आनला ते इचारा तिला."

"आणला म्हणजे?"

"मना काय इचारता? माज्या घरान असला कवा नवता."

कुसुम खाली बघत होती. पडद्याआड घेतलं, तपासलं. काचेवर त्याच शेवया. मला हायसं वाटलं. साधं प्रकरण आहे, जाईल. साबण? नाही, साधं पाणी. मुंग्या? नाही, लघवीही स्वच्छ. कपडे? सुती. वाळवतेस कुठे? माळ्यावर, आडोशाला. ते मी बदलायला सांगितलं. दुसरं काही औषध?

"नाय."

गोळ्या दिल्या. ती बरी झाली आणि थोड्याच दिवसांत परत आली. पुन्हा दिल्या. पुन्हा परत. जांभळं औषध लावलं, तर त्याचे डाग कपड्यांवर पडले आणि ते उन्हात टाकलेले कपडे शेजारणींनी बघितले. मी उन्हात टाकायला सांगितलं होतं ना! आता गावात झालं की हिराबाईच्या सुनेला गरमी झाली आहे. गरमी म्हणजे नको त्या ठिकाणी गेल्याने होणारा रोग. डंपर चालवणाऱ्याच्या घरात असलं काही निघालं की लोकांना गोष्ट रचायला वेळ लागत नाही. काहींच्या मते धर्माने आणला, काहींच्या मते धर्मा खाणीवर असताना हिने.

डॉक्टरीणबाईंनाही धर्माचाच संशय. त्या म्हणाल्या, दोघांचं रक्त तपासू. धर्मा आला. अंगावर दगडाची धूळ, मान खाली, हात पुढे. दोघांचं रक्त मुंबईला गेलं, दोघांचाही निकाल स्वच्छ आला. मी हिराबाईला बोलावून सांगितलं.

"कागदाव काय बी लिवतात," ती म्हणाली. "मंग खाज कशी जात नाय? बाय, मी जासईला सांगाया धाडलाय. रयवारी हिचा भाऊस येल, घेवन जाईल. आमाला नको आता."

"परत कधी पाठवतील?"

"परत कनाला?"

कुसुम दारापाशी उभी होती. तिने हे सगळं ऐकलं. जाताना मागे वळून मला एवढंच म्हणाली, "बाय, जासईला माजा बाप नाय. भाऊस हाय, भावजय हाय." म्हणजे तिला तिथेही जागा नव्हती. एकदा 'रोग' म्हणून परत आलेली मुलगी जासईत काय, कुठेच नांदली नसती.

घरभेटी हा माझ्या कामाचा भाग होता. रविवारच्या आत मी एका सकाळी त्यांच्या घरी गेले. कशासाठी ते माझं मलाच पक्कं माहीत नव्हतं. कोणीतरी काहीतरी लपवतंय एवढा संशय होता. कुसुम खोटं बोलत असेल असंही वाटलं, धर्माच्या रक्ताची मुंबईत अदलाबदल झाली असेल असंही वाटलं. तुम्हाला खरं सांगायचं तर त्या दिवशी मी कोणावरच विश्वास ठेवून निघाले नव्हते.

अंगणात शेजारच्या दोन मुली खेळत होत्या. चिंध्यांची बाहुली होती, आणि बाहुलीच्या हाताच्या काड्यांना त्यांनी टोप्या घातल्या होत्या. छोट्या, चकचकीत, काही लाल, काही पिवळ्या. मी वाकून बघितलं. कॅप्सूलची रिकामी टोपणं.

"हे कुठून आणलं गं?"

"हिरामावशी टाकते ते. उकिरड्याव लई हायत."

मी आत गेले. हिराबाईची कंपनीत दुपारची पाळी असायची, ती घरीच होती. मी पाणी मागितलं आणि ते आणायला कुसुम उठली तसं स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिले. फळीवर मीठ, मसाला, सुके बोंबील, आणि झाकण घट्ट लावलेली एक काचेची बरणी. बरणीत पिवळी पूड. हळद तेवढी पिवळी नसते.

"कुसुम, हे काय?"

"ताकदीचा हाय. सासू देते रोज, गुलासंगाती. कडू लागतो म्हनून."

"मी तुला विचारलं होतं ना, दुसरं औषध घेतेस का म्हणून?"

ती गोंधळून माझ्याकडे बघत राहिली. "औषद नाय तो. ताकदीचा हाय."

आता हे काय होतं ते सांगते. हिराबाईच्या कंपनीत अँटिबायोटिकच्या कॅप्सूल भरल्या जायच्या. चेपलेल्या, वाकड्या, अर्धवट भरलेल्या बाजूला पडत. त्या नष्ट करायच्या असत, पण पॅकिंगच्या बायकांना ते जीवावर यायचं. मुंबईतले मोठे डॉक्टर लिहून देतात ते औषध, मातीत कसं घालायचं? चार अंबाड्यात, चार ओच्यात, असं ते घरी यायचं. ताप आला, द्या. दात दुखला, द्या. पोट राहत नाही, द्या. आणि ह्यातली खास गंमत म्हणजे कॅप्सूल त्या गिळत नसत. बाहेरचं टोपण प्लास्टिकचं आहे, ते आतड्याला चिकटतं, अशी सगळ्या पॅकिंग खात्याची खात्री होती. म्हणून प्रत्येक कॅप्सूल उघडायची, पूड बरणीत, टोपण उकिरड्यावर. बरणीत गेल्यावर त्याचं औषध हे नावच पुसलं जायचं. चमच्याने खायची गोष्ट म्हणजे ताकदीची गोष्ट.

कुसुमचं पोट पडलं तेव्हा हिराबाईने ठरवलं की सुनेच्या अंगात ताकद नाही. खाज सुरू झाली तेव्हा चमचा वाढवला. मी गोळ्या देऊन बुरशी उतरवायचे, ती पूड देऊन चढवायची. दोघी आपापल्या परीने इलाजच करत होतो.

मी कुसुमला नळावर पाठवलं आणि हिराबाईसमोर बरणी ठेवली.

"तुमी कंपनीला सांगनार."

"मी कंपनीची नाही. दवाखान्याची आहे."

"सगले असाच बोलतात. गेटाव झडती सुरू हाय. एकीला काढलीन मागच्या मयन्यान. बाय, माजी नोकरी गेली तर आमी खावाचा काय? जमीन बी गेली."

"मी काही बघितलंच नाही असं समजा. पण ही पूड सुनेला देणं बंद करा. हिच्यामुळेच तिला खाज येते."

ती माझ्याकडे टक लावून बघत राहिली. मी तिला फसवते आहे असं तिला स्पष्ट वाटत होतं. "औषदाना रोग व्हतो? मंग कंपनी कनाला काढते औषद?"

इंग्रजीतली सगळी उत्तरं माझ्याकडे होती आणि एकाचाही उपयोग नव्हता. शेवटी मी विचारलं, "तुमचं भात कुठे होतं?"

"खाडीच्या कडंला."

"खाचरात भात दाट उभं असलं की लव्हाळा येतो?"

"थोराच येतो, जास्त नाय. भात त्याला वर येव देत नाय."

"आणि भातच उपटून टाकलं तर?"

तिने बरणीकडे बघितलं.

"आपल्या अंगात चांगले जंतू असतात," मी म्हटलं. "दुधाचं दही करतात तसे, त्यांच्याच जातीचे. ते भात. बुरशी म्हणजे लव्हाळा. ही पूड भात उपटते, लव्हाळ्याला काही करत नाही. तुम्ही रोज भात उपटताय आणि लव्हाळा वाढला म्हणून पोरीला घराबाहेर काढताय."

ती ऐकत होती, पण बसल्या जागी सारखी हलत होती. एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर. मी इतकी वर्षं बाकावर बसलेल्या बायका बघत होते. कोण कशी बसते ह्यावरून मला तक्रार कळायची. बरणीत बघितलं, निम्मी संपलेली. एकटी कुसुम एवढी खाणार नाही.

"हिराबाई, तुम्ही कधीपासून घेताय?"

तिने दाराबाहेर बघितलं. बाहेर मुलींचा खेळ चालला होता. मग पदर तोंडाला लावून म्हणाली, "मना बी हाय. लई दिसांपासना."

"मला का नाही सांगितलं?"

"कोनाला सांगू? रांडमुंड बाय मी. लोक काय बोलतील?" आणि मग एकदम चिडून, "तिच्याकरनंच लागला मना! एकाच पाटाव न्हातो आमी. तिनाच आनला."

तेव्हा मला तिचा सगळा राग समजला. आपण कुठे गेलो नाही हे तिला माहीत होतं. मग हे आलं कुठून? सुनेकडूनच. तिच्या हिशेबात दुसरं उत्तरच नव्हतं.

"पाटावरून नाही लागत," मी म्हटलं. "दोघींनी एकाच बरणीतलं खाल्लंय."

तिने बरणी उचलून मडक्यामागे सरकवली. मी निघाले तेव्हा ती फेकली जाईल की उद्या पुन्हा उघडली जाईल, मला सांगता आलं नसतं.

रविवारी दवाखाना बंद. तरी मी गेले. तुमचे आजोबा म्हणाले, तू पोलीस आहेस की नर्स?

कुसुमचा भाऊ आला होता. ओटीवर बसला होता, चहाला हात लावला नव्हता. शेजारपाजारच्या बायका नळावर हंडे लावण्याच्या निमित्ताने जमल्या होत्या. एकीचाही हंडा भरत नव्हता. कुसुम दारात पिशवी घेऊन उभी. धर्मा भिंतीला टेकून जमिनीकडे बघत होता.

"आमची पोर अशी नाय," भाऊ म्हणत होता. "तुमच्या डायवरना आनला आसंल, ना तिच्याव ढकलता."

"ए, माज्या नवऱ्याला काय बोलू नको," कुसुम म्हणाली. त्या दिवशीचं तिचं हे पहिलं वाक्य.

"तू गप. बोचका उचल."

नळावरची एक जण मोठ्याने म्हणाली, "जाव दे गो, रोग घरान ठेवतात काय?"

हिराबाई इतका वेळ चुलीपाशी होती. ती बाहेर आली. मला बघितलं, नजर काढून घेतली, आणि ओटीच्या कडेला उभी राहून नळाकडे तोंड करून बोलली. भावाकडे नाही, नळाकडे.

"ऐका गो सगल्या. तिला जो हाय तो मना बी हाय. मी इधवा बाय. बारा वर्सां झाली. मना कोनी आनून दिला? सांगा! नाव घेवा त्याचा!"

एका हंड्यातून पाणी वाहून जात होतं, नळ कोणी बंद केला नाही.

"कोनी नाय दिला. आमी दोगींनी नको तो खाल्ला. मीच खाया घातला तिला. माज्या हातचा तो. बाय बोलली, जाईल. गेला तर गेला, नाय गेला तर दोगींचा हाय, दोगी बघू." मग भावाकडे वळून, "बस, कालवन हाय बोयटांचा."

भाऊ आधी उठला, मग पुन्हा बसला. कुसुम पिशवी दारातच ठेवून आत गेली. थोड्या वेळाने भांड्यात तांदूळ ओतल्याचा आवाज आला.

हिराबाईच्या ह्या बोलण्याला किती धीर लागला असेल, हे तुम्हाला आज पूर्ण कळणार नाही. विधवेने भर नळावर आपल्याला 'खालचं' काही झालंय असं म्हणायचं. शिवाय 'नको तो खाल्ला' म्हणताना समोरच्या बायकांतल्या निम्म्या तिच्याच खात्यात कामाला होत्या, त्यांना काय ते कळणारच होतं. एकीने गेटावर जाऊन सांगितलं असतं तर नोकरी संपली असती. कोणी सांगितलं नाही. का, ते पुढच्या आठवड्यात कळलं. एकेक बाई पदराआड काहीतरी धरून दवाखान्यात यायला लागली. डबी, बाटली, खोबरेल तेलाचा रिकामा डबा. सगळ्यांत पिवळी पूड. आणि आवाज अगदी खाली.

"बाय, ही तीच काय?"

"तीच."

"मंग टाकू?"

"टाका."

"थोरी ठेवू? तापाला?"

काहींनी टाकली, काहींनी ठेवली. मी प्रत्येकीला तेच सांगितलं आणि प्रत्येकीने माझ्याकडे त्याच संशयाने बघितलं. कंपनीने मला पाठवलंय असं बऱ्याच जणींना शेवटपर्यंत वाटत असणार. ज्यांनी ठेवली, त्यांच्यातल्या काही जणी पुढे वर्षानुवर्षं खाजेसाठी येत राहिल्या. त्याचं मला अजून वाईट वाटतं. पटवून देणं हीच माझी नोकरी होती, आणि ती मला सगळ्यांच्या बाबतीत जमली नाही.

सासू-सुनेने गोळ्या पूर्ण केल्या, पूड बंद केली, कपडे उन्हात टाकले. रोज जेवणात ताक घ्या असं मी सांगितलं. रेवा, इथे जरा लक्ष दे. ताक प्यायल्याने बुरशी मरते असं मी कधीच म्हटलं नाही, आजही म्हणणार नाही. पण पुडीने बिघडलेल्या पोटाला त्याने बरं वाटतं आणि कोणाचं नुकसान होत नाही. दही आत लावणं, लसणाची पाकळी ठेवणं, तुरटीच्या पाण्याने धुणं, शेगडीवर बसून धुरी घेणं, हे सगळं मी बघितलं आहे. त्यानंतर आलेली लाल, सोललेली कातडीही बघितली आहे. खरे नैसर्गिक उपाय फार कंटाळवाणे आहेत: कोरडं राहणं, सुती आणि सैल कपडे, साधं पाणी, उगाच अँटिबायोटिक न घेणं, साखर ताब्यात ठेवणं. त्यांची बाटली भरता येत नाही, म्हणून त्यावर पान कोणी छापत नाही. पहिल्यांदाच झालं असेल, वारंवार होत असेल, वास येत असेल, ताप असेल, ओटीपोट दुखत असेल किंवा दिवस गेले असतील, तर घरी काही न करता डॉक्टरांना दाखवायचं. प्रत्येक खाज बुरशीची नसते. आणि बुरशी असली तरी ती कोणाच्या चारित्र्याचा दाखला नसते. नील, हे वाक्य तुझ्यासाठी.

कुसुमला पुढे दोन मुली झाल्या. बाळंतपणं आमच्याच दवाखान्यात झाली. हिराबाई माझ्याशी सरळ कधीच बोलली नाही. मी समोर आले की बरणीची आठवण होऊन तिचा चेहरा आवळायचा. पण दर दिवाळीला कुसुमच्या हाती भाकरीचं पीठ आणि सुकी बोयटं, म्हणजे खाडीतली मासळी, यायची.

दवाखाना आता नाही. कंपनी केव्हाच बंद पडली, तिच्या जागी मालाची गोदामं आहेत आणि रस्त्यावर ट्रकची रांग असते. हिराबाई शेवटी बराच काळ अंथरुणाला खिळून होती. तिचं न्हाणं-धुणं, खाणं-पिणं सगळं कुसुमने केलं. धर्माही गेला. कुसुम अजून त्याच घरात राहते.